याचं पुढे काय करणार?

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय आहे 'शिक्षणानंतरचं आयुष्य'. पण काल रात्री जेवताना दोघीतिघींनी विचारलं, "ताई, तुम्ही नक्की शिकलात तरी काय?" म्हणून आधी तेवढं सांगते. मी टोरांटो विद्यापीठात 'सेक्शुअल डायव्हर्सिटी स्टडीज', म्हणजे लैंगिक विविधता अभ्यास, हा विषय घेऊन बी. ए. केलं. जोडीला समाजशास्त्र होतं. २०१३ साली पदवी मिळाली. तिथे हा विषय पदवीला १९९८ साली सुरू झाला. स्त्री-अभ्यासाचे वर्ग त्याच्या कितीतरी आधीपासून होते, आणि आमच्या बऱ्याच प्राध्यापिका तिकडूनच आलेल्या होत्या.

नाव ऐकून लोकांना वाटतं की काहीतरी चावट असणार. माझा बराचसा वेळ कायद्याची कलमं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं वाचण्यात गेला. कॅनडात १९६९ साली फौजदारी कायदा बदलला आणि एकवीस वर्षांवरच्या दोघांनी खाजगीत काय करावं, यातून पोलीस बाहेर गेले. कागदावर गेले. ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री टोरांटोच्या पोलिसांनी समलिंगी पुरुष जिथे भेटत अशा चार स्नानगृहांवर धाडी घातल्या आणि तीनशेच्या आसपास माणसं पकडली. दुसऱ्या रात्री हजारो लोक रस्त्यावर उतरले. बायकांचा इतिहास त्या मानानं कमी लिहिला गेलाय. १९७० च्या दशकाच्या शेवटी जार्व्हिस स्ट्रीटवर लेस्बियन बायकांच्या संघटनेनं एक घर चालवलं होतं. फोनवरून सल्ला, वाचनालय, कॉफीच्या संध्याकाळी, सगळं एका छताखाली. बेकी रॉस यांनी १९९५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुमच्या गटांचं काम बघताना मला सारखं ते घर आठवतं. आणि २००० सालच्या सप्टेंबरात, बायकांनी फक्त बायकांसाठी ठेवलेल्या एका रात्री, पुरुष पोलीस आत शिरले आणि अर्धवट कपड्यांतल्या बायकांमधून तपासणी करत फिरले. २००२ साली न्यायाधीशांनी त्याची तुलना अंगझडतीशी केली. मी ज्या शहरात शाळेत गेले त्या शहरातल्या या गोष्टी. शाळेत यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

आता घरचं. आम्ही डोंबिवलीहून २००४ साली तिकडे गेलो, मी तेरा वर्षांची होते. बाबा इथे बँकेत होते. तिथे त्यांना 'कॅनडाचा अनुभव नाही' म्हणून गोदामात रात्रपाळी मिळाली. आई एका बेकरीच्या कारखान्यात पाव भरायला जायची. हे सगळं मुलीच्या शिक्षणासाठी. आणि मुलगी दुसऱ्या वर्षाला येऊन सांगते की मी हा विषय घेतलाय. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "याचं पुढे काय करणार?" एवढंच म्हणाली.

मी चिडले. मला वाटलं, आईला नोकरीची पडली आहे. मग मी तिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली यादीच वाचून दाखवली: कायदा, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय. ती ऐकत राहिली. डोंबिवलीच्या मावशीला मात्र तिनं फोनवर 'सोशॉलॉजी' एवढंच सांगितलं. तिला नावं कशाला ठेवू? नोकरीचे अर्ज करताना पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. पदवी घेतली अभिमानानं, आणि अर्जात लिहिताना अर्धीच लिहिली.

मी स्वतः बायकांवर प्रेम करणारी बाई आहे, हे सांगायचं राहिलं. वर्गात सगळ्याच तशा नव्हत्या. कोणाचा भाऊ, कोणाची आई, कोणाला नुसतं कुतूहल. आईला मी हे त्याच वर्षी, त्याच स्वयंपाकघरात सांगितलं. ती म्हणाली, "'उंबरठा'मधल्या त्या दोघींसारखं का?" तिनं तो सिनेमा लग्नाआधी थिएटरात पाहिला होता. अशा बायका म्हणजे सुधारगृहातल्या दोन बायका, वॉर्डन ओरडते त्या, एवढीच तिची ओळख. नवल वाटायला नको. तिला दुसरं काही दाखवलं कोणी होतं?

पदवीनंतर आमच्या वर्गाचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ही चौकशी नेहमी होते. एक वकील झाली, घरभाड्याच्या खटल्यांत भाडेकरूंच्या बाजूनं उभी राहते. एक ग्रंथपाल. दोघी समाजकार्यात. एक हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिथल्या युनियनची सेक्रेटरी आहे. माझ्या मते आमच्यातली सगळ्यात पक्की कार्यकर्ती तीच. एक शाळेत शिकवते. ओंटारिओ प्रांतात २०१५ साली शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम सतरा वर्षांनी बदलला, तेव्हा आईबापांनी मोर्चे काढले, मुलांना घरी ठेवलं. त्यात आपले देशी आईबाप पुष्कळ होते. २०१८ साली सरकार बदललं आणि प्राथमिक शाळांना पुन्हा जुन्या मजकुरावर नेलं, २०१९ साली परत नवा आणला. ती म्हणते, पाच वर्षांत तीनदा फळा पुसला. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनी दोन दोन वर्षं बिनपगारी उमेदवारी केली आणि चांगल्या संस्थांत शिरल्या. माझं शिक्षणकर्ज पदवीनंतर सहा महिन्यांनी फेडायला सुरुवात करायची होती. तेव्हा बिनपगारी काम मला परवडणारं नव्हतं. समतेच्या क्षेत्रातली ही विषमता कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

मी आधी एका स्वयंसेवी संस्थेत होते, एका वर्षाच्या अनुदानावर. वर्ष संपलं, अनुदान संपलं, मीही संपले. मग एका मोठ्या कंपनीत 'विविधता' विभागात लागले. पगार उत्तम. काम असं की जून महिना आला की बोधचिन्हाला सप्तरंग द्यायचे, प्राइडच्या मिरवणुकीसाठी टी-शर्ट मागवायचे आणि कर्मचाऱ्यांना दीड तासाचं प्रशिक्षण द्यायचं. त्याच वर्षी कंपनीनं साफसफाईचं सगळं काम ठेकेदाराला दिलं. रात्री येणाऱ्या त्या बायका, त्यात दोन पंजाबी, एक तमिळ, एका महिन्यात कामावरून गेल्या. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की तो आपल्या विभागाचा विषय नाही. मी चौदा महिन्यांनी सोडलं. उगाच शूरपणा सांगत नाही, तोवर निम्मं कर्ज फिटलं होतं म्हणून सोडता आलं.

२०१७ पासून मी एका वृद्धाश्रमात काम करते. म्हणजे इथल्यासारखा नव्हे. ज्यांना उठता-बसता माणूस लागतं अशांचा, सरकारी अनुदानावर चालणारा. नवीन माणूस दाखल झालं की त्याचे कागद करणं आणि घरच्यांशी बोलणं हे माझं काम. अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं हे करणाऱ्या बहुतेक बायका फिलिपिन्सच्या, कॅरिबियन बेटांवरच्या, आपल्याकडच्या. पदवीनं मला त्यातलं काही शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी शिकवलं.

तिथलीच एक गोष्ट सांगायची आहे. नावं बदलली आहेत. मार्गारेट चौऱ्याऐंशी वर्षांची होती, निवृत्त शिक्षिका. तिला घेऊन जोन आली. दोघी अडतीस वर्षं एका घरात राहिलेल्या. मी फॉर्म भरत होते. 'वैवाहिक स्थिती'? मार्गारेट म्हणाली, अविवाहित. 'जवळचं नातेवाईक'? कॅलगरीला भाचा आहे. मी जोनकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तुम्ही?" जोन म्हणाली, "मी मैत्रीण." मी 'मैत्रीण' लिहिलं.

मैत्रिणींनो, मला कळलं नव्हतं असं नाही. दोन मिनिटांत कळलं होतं. जोन तिच्या चष्म्याची काच स्वतःच्या पदराला, म्हणजे स्कार्फला, पुसून देत होती. पण मला वाटलं, त्यांनी जो शब्द दिला त्याचा मान ठेवावा, म्हाताऱ्या बाईला उघडं पाडू नये. या विषयात पदवी घेतलेली मी, आणि तो शब्द त्यांनी का निवडला याचा पुढे विचारच केला नाही.

जोन तरुणपणी ओटावाला केंद्र सरकारच्या कार्यालयात टायपिस्ट होती. १९५० च्या दशकापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंत कॅनडाच्या सरकारनं सैन्यातून, पोलिसांतून, कचेऱ्यांतून समलिंगी माणसं शोधून शोधून काढली. १९६० च्या दशकात तर डोळ्यांच्या बाहुल्या मोजून माणूस 'तसा' आहे का हे ओळखणारं यंत्र बनवायचा खटाटोप सरकारी पैशावर झाला. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २८ नोव्हेंबर २०१७ ला. माझ्या परीक्षेच्या पेपरात या मोहिमेवर प्रश्न आला होता, मला चांगले गुण होते. ती मोहीम अंगावर काढलेली बाई समोर बसली तेव्हा मला ओळखू आली नाही. अशा माणसाच्या तोंडून कचेरीतल्या टेबलासमोर 'मैत्रीण' याखेरीज कुठला शब्द येणार?

चार महिन्यांनी एका रात्री मार्गारेटला धाप लागली. रात्रपाळीच्या नर्सनं फॉर्म पाहिला आणि कॅलगरीला फोन केला. तिथून भाच्यानं हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. त्यानं काही वाईट केलं नाही, बिचाऱ्यानं मावशीला दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. जोन नेहमीप्रमाणे सकाळी दहाच्या बसनं आली, हातात केळ्याच्या केकचा डबा. खोलीत गेली तर गादी उलटून ठेवलेली. तिला वाटलं, संपलं. ती तशीच भिंतीला धरून उभी राहिली होती. मार्गारेट तेव्हा हॉस्पिटलात जिवंत होती. चार दिवसांनी गेली. जोन शेवटचे तीन दिवस तिच्याजवळ होती. पहिली रात्र मात्र मार्गारेट एकटी होती, आणि ती सारखी कोणाला तरी हाका मारत होती असं तिथल्या नर्सनं सांगितलं. मी जोनची माफी मागितली. ती म्हणाली, "मीच तर तुला मैत्रीण म्हणाले." आणि केकचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

मी त्यानंतर कायदा काढून बसले. हे मात्र पदवीनं शिकवलं होतं, कलम शोधून वाचायचं. ओंटारिओत उपचारांच्या संमतीचा १९९६ चा कायदा आहे. आजारी माणूस स्वतः ठरवू शकत नसेल तर त्याच्या वतीनं कोणी ठरवायचं याची त्यात उतरंड आहे. कोर्टानं नेमलेला पालक, मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती, मग नवरा, बायको किंवा जोडीदार, मग मुलं आणि आईबाप, मग भावंडं आणि सगळ्यात शेवटी इतर नातेवाईक. भाचा शेवटच्या पायरीवर. आणि 'जोडीदार' या शब्दाची व्याख्या काय? किमान एक वर्ष एकत्र राहिलेल्या, आणि ज्यांचं जवळचं नातं दोघांच्याही आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे अशा दोन व्यक्ती. पलंग एक की दोन, हे कायदा विचारत नाही. म्हणजे जोनला काहीही कबूल न करता तो हक्क होता. आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता.

रकाना घालायला अकरा महिने लागले. बैठका, वकिलाचं मत, छापखाना. शेवटी अंग पुसणाऱ्या बायकांपैकीच एकीनं सुचवलेला प्रश्न आम्ही सगळ्यात वर घातला: रात्री दोन वाजता काही झालं तर आधी कोणाला उठवायचं? वैवाहिक स्थिती आता त्याच्या खाली आहे. या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देतात. एका आजोबांनी शेजारणीचं नाव दिलं, तीन मुलगे असताना. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळ्या वृद्धाश्रमांतल्या भेटी बंद झाल्या. पुढे त्याच वर्षी, प्रत्येकाच्या काळजीच्या एक-दोन माणसांना आत सोडायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडे नावं तयार होती. कितीतरी माणसं त्या आधीच गेली होती, ते वेगळं.

माझ्या विषयाचं 'पुढे काय' झालं ते हे. एक प्रश्न आणि एक रकाना. कोणाला हे फार थोडं वाटेल. मलाही कधी कधी वाटतं.

आता इथलं. टोरांटोच्या ग्रंथालयात मी अश्विनी सुखठणकरांनी संपादित केलेलं १९९९ सालचं भारतातल्या लेस्बियन बायकांच्या लेखनाचं पुस्तक वाचलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मुंबईत स्त्री संगम हा गट १९९५ पासून होता. मी डोंबिवलीत पाढे पाठ करत होते तेव्हा दोन-तीन स्टेशनांपलीकडे कुठेतरी या बायका भेटत असतील. र. धों. कर्व्यांचं नाव मात्र आमच्या वर्गात कधी निघालं नाही. १९२७ पासून मराठीत 'समाजस्वास्थ्य' निघत होतं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला, आणि १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं हायकोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, हे मला गेल्या खेपेस पुण्यात एका बाईंनी सांगितलं. खटला हरले, पण उभे राहिले. लाज वाटली मला. आपल्याच भाषेतला धडा सोडून मी सातासमुद्रापार गेले होते.

इथे कायदा कुठे आहे तुम्हाला माहीतच आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे बरेच जण हात झटकतात की आता काही करता येत नाही. पण बारीक कलमं बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकच कुटुंब धरावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं आहे. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनापर्यंत हे पोचलंय का, हे तुम्ही मला सांगा.

आणि हा प्रश्न फक्त माझ्यासारख्यांचा आहे असं समजू नका. तुमच्या केंद्रांत येणारी परित्यक्ता, तिच्या फॉर्मवर आपण काय लिहितो? पतीचे नाव. वीस वर्षांपूर्वी ज्यानं टाकलं त्याचं नाव, आणि जिच्या पडवीत ती आज राहते त्या बाईला रकाना नाही. विधवा नणंद-भावजया एकत्र राहतात. देवाला सोडलेल्या बायका एकमेकींची म्हातारपणं काढतात. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

तुमच्यातल्या तरुण मुलींनी विचारलं होतं की हा विषय शिकायला तिकडे जावं का. माझं मत विचाराल तर केवळ त्यासाठी कर्ज काढून जाऊ नका. मुंबईत एस. एन. डी. टी.मध्ये १९७४ पासून आणि पुण्यात विद्यापीठात १९८७ पासून स्त्री-अभ्यासाचं केंद्र आहे. तिथे हे प्रश्न घेऊन जा, भांडून अभ्यासात घालायला लावा. आणि हाताशी दुसरी एक विद्या ठेवा. कायदा, नर्सिंग, हिशेब, काहीही. नुसत्या विषयावर पोट भरायला गेलं की माणूस टी-शर्ट मागवायच्या कामाला लागतं. धोकाही सांगायला हवा. २८ जून २०२३ ला टोरांटोजवळच्या वॉटरलू विद्यापीठात लिंगभावाच्या वर्गात एक माजी विद्यार्थी सुरा घेऊन शिरला आणि त्यानं प्राध्यापिकेला आणि दोन विद्यार्थ्यांना भोसकलं. तिघंही वाचले. आईनं त्या दिवशी मला कामावर चार फोन केले.

बाबा २०२१ साली गेले. आई आता माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या घरी राहते. मागच्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला तो जुना प्रश्न आठवून दिला. ती म्हणाली, "मी नोकरीचं कुठे विचारलं होतं? तू म्हातारी झाल्यावर तुला कोण बघणार, हे विचारत होते." दहा-बारा वर्षं मी तिच्यावर भलत्याच गोष्टीसाठी राग धरून होते. मग मी तिला आमच्या फॉर्मवरचा प्रश्न विचारला, रात्री दोन वाजता आधी कोणाला उठवायचं. तिनं माझ्या जोडीदाराचं नाव घेतलं. "तिची झोप सावध आहे. तू काही उठायची नाहीस."

माझा पुढचा बेत असा आहे की येत्या वर्षी चार महिने बिनपगारी रजा काढून इथे राहायचं. तुमच्यापैकी ज्यांची समुपदेशन केंद्रं आहेत, आधारगृहं आहेत, त्यांनी दुपारच्या सत्राला येताना आपापले फॉर्म घेऊन यावेत. कोरे नकोत, भरलेले आणा, नावं झाकून. आणि पेन्सिली आणा.